चप्पल काढल्यानंतर : बौद्ध स्थळी आदर म्हणजे काय?

(व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या विषयाला निमित्त झालं ते एका कागदाचं. वर्ध्यात आमच्या कॉलनीतली काही निवृत्त मंडळी श्रीलंकेच्या सहलीला निघाली होती. यात्रा कंपनीनं प्रत्येकाच्या हाती एक पान दिलं होतं : बौद्ध स्थळी कसं वागावं. त्यातले एक गृहस्थ ते पान घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, "सर, तुम्ही फिलॉसॉफीवाले. बघा बरं, यात काही राहिलं का?" आम्ही वाचलं, चहा झाला, आणि "ठीक आहे" म्हणून कागद परत केला. ते गेल्यावर मात्र वाटत राहिलं की काहीतरी राहिलंच आहे. काय राहिलं, ते तेव्हा सांगता आलं नाही. आज सांगून बघतो. एखाद्या ग्रंथाची समीक्षा करावी, तशी या एका पानाची समीक्षा करू.

पानावर काय होतं? खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. चप्पल आणि टोपी बाहेर काढावी. मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये. मूर्तीच्या दिशेनं पाय पसरून बसू नये. मूर्तीला हात लावू नये, तिच्यावर चढू नये. स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श करू नये. स्तूपाची प्रदक्षिणा उजवीकडून घालावी. अंगावर बुद्धाचं चित्र गोंदलेलं असेल तर झाकावं. आणि सर्वांत खाली ठळक अक्षरांत : नियम मोडल्यास दंड किंवा अटक होऊ शकते.

आधी चांगलं ते सांगू. हे सगळे नियम बरोबर आहेत. त्यातले बरेचसे आपल्याला परकेही नाहीत. चुकून कुणाला पाय लागला तर आपण लगेच हात लावून नमस्कार करतो, म्हणजे पाय हा अंगाचा खालचा भाग ही समजूत आपलीही आहे. उजवीकडून प्रदक्षिणेचंही तसंच. पाली ग्रंथांत माणसं बुद्धाचा निरोप घेतात तेव्हा त्यांना उजव्या हाताला ठेवून वळसा घालतात आणि मग निघतात. स्तूपाभोवती आपण तेच करतो. पाठ करून फोटो काढू नये, यामागचं कारणही सोपं आहे. ज्याच्यासमोर लोक हात जोडून बसतात, त्याला आपण आपल्या चेहऱ्यामागचा पडदा करतो. एखाद्याच्या घरी जाऊन त्याच्या वडिलांच्या तसबिरीपुढे असं उभं राहणं आपल्याला शोभेल का?

म्हणजे नियमांशी आमचं भांडण नाही. भांडण आहे ते शेवटच्या ठळक ओळीशी. साऱ्या पानात कारण म्हणून दिलेली ती एकच ओळ आहे. पाय का पसरू नयेत? तर दंड होईल. दंडाच्या भीतीनं माणूस नियम पाळतो, नाही असं नाही, पण पोलीस दिसेनासा झाला की काय करायचं ते त्याला कळत नाही. आणि जिथं पान दिलेलंच नाही, तिथं तर नाहीच नाही.

दोन घटना सांगतो. 2019च्या ऑक्टोबरात भूतानमध्ये दोचुला खिंडीत मोटारसायकलवरून आलेला आपल्याकडचा एक पर्यटक शिडी लावून तिथल्या एका चोर्तेनवर चढला. चोर्तेन म्हणजे स्तूपच. त्याचा फोटो निघाला, सगळीकडे फिरला, भूतानच्या पोलिसांनी पासपोर्ट ताब्यात घेऊन चौकशी केली. तो महाराष्ट्रातला असल्याचं तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं. आपल्याकडे चर्चा झाली ती एवढीच, की परदेशात जाऊन आपली मान खाली घातली.

पण तो कशावर चढला होता? दोचुलाला एकशे आठ चोर्तेन आहेत. 2003च्या डिसेंबरात भूतानच्या सैन्यानं आपल्या दक्षिणेकडच्या जंगलांत कारवाई केली. ती कुणाविरुद्ध? तिथं तळ ठोकून बसलेल्या, आसाम आणि उत्तर बंगालमधल्या बंडखोर संघटनांविरुद्ध. म्हणजे ज्या संघटना भारताशी लढत होत्या, त्यांच्याविरुद्ध. त्यात जे भूतानी सैनिक मेले, त्यांच्या स्मरणासाठी 2004 मध्ये तिथल्या राजमातेनं हे चोर्तेन बांधवले. आपल्या शेजाऱ्यानं एका अर्थी आपल्यासाठीही माणसं गमावली, त्यांच्या स्मारकावर आपला माणूस बूट घालून उभा राहिला. 'स्तूपावर चढू नका, दंड होईल' हे त्याला कुणी सांगितलं असतं तर तो कदाचित चढला नसता. पण हे जर त्याला ठाऊक असतं, तर सांगावंच लागलं नसतं.

दुसरी घटना उलट बाजूची. 2014च्या एप्रिलमध्ये श्रीलंकेच्या विमानतळावर एका ब्रिटिश महिलेला अटक झाली. दंडावर कमळातल्या बुद्धाचं चित्र गोंदलेलं होतं, एवढंच कारण. तिला देशाबाहेर काढलं. आपण बौद्ध ध्यानसाधना करतो, चित्र श्रद्धेनं काढून घेतलं आहे, असं तिचं म्हणणं होतं. 2017 मध्ये श्रीलंकेच्याच सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की तिचे मूलभूत हक्क डावलले गेले, तिला भरपाई द्या. भूतानात अर्थ न कळलेला पाहुणा होता, इथं अर्थ न कळलेले अंमलदार निघाले. हातात नियम होता, पण समोरच्या बाईच्या मनात काय आहे हे विचारायला कुणाला सवड झाली नाही. नियमाची रखवाली झाली, आणि आदराचं जे खरं काम, समोरच्या माणसाकडे लक्ष देणं, ते राहून गेलं.

आता एक आक्षेप. असं काही बोललं की श्रोत्यांतून हमखास कुणीतरी उठतं, आणि तो आक्षेप आम्हीही तरुणपणी घेतलेला आहे. "सर, बुद्धानं स्वतःची पूजा करायला सांगितलंच नव्हतं. मग मूर्तीपुढे चप्पल काढली काय आणि न काढली काय!" आक्षेप वजनदार आहे. महापरिनिब्बान सुत्तात अखेरच्या रात्री शालवृक्षांची फुलं बुद्धांच्या अंगावर झडतात, तेव्हा ते आनंदाला सांगतात, की तथागताचा खरा सत्कार फुलांनी होत नाही, जो धम्माप्रमाणे वागतो तोच सत्कार करतो. शिवाय पहिली काही शतकं बुद्धाची मानवी मूर्ती घडवलीच गेली नाही. सांची आणि भारहूतच्या शिल्पांत त्यांच्या जागी बोधिवृक्ष आहे, रिकामं आसन आहे, पावलं आहेत, चक्र आहे. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात आत गेलात तर समोर मूर्ती नाही, स्तूप आहे.

पण हा प्रश्न आपल्याला पहिल्यांदा सुचलेला नाही. 'मिलिंदप्रश्न' या ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भिक्खू नागसेनांना नेमकं हेच विचारतो. बुद्ध पूजा स्वीकारत असतील तर ते अजून या जगाला बांधलेले आहेत, मुक्त झालेले नाहीत. आणि स्वीकारत नसतील तर पूजा फुकट. दोन्हीकडून कोंडी. नागसेन उत्तर देतात ते असं : मोठा जाळ पेटून विझला, आता तो गवतकाडी मागत नाही. म्हणून जगातून अग्नी संपला का? नाही. ज्याला हवा तो लाकडावर लाकूड घासून आपल्या कष्टानं अग्नी काढतो आणि आपलं काम करतो. तसंच पूजेचं. घेणारा कुणी नाही, तरी करणाऱ्याचं काहीतरी होतं.

हे उत्तर नीट बघा. मूर्तीपुढचा आदर मूर्तीला पोचतो असा बौद्धांचा दावाच नाही. परंपरेनं चैत्याचे तीन प्रकार मानले : शरीराचे अवशेष, वापरातल्या वस्तू, आणि नुसती आठवण करून देणारी, म्हणजे उद्देशिक. बोधिवृक्ष दुसऱ्यात येतो, मूर्ती तिसऱ्यात. मूर्ती हे बोट आहे, ते कुठंतरी दाखवतं. मग 'बुद्धाला काय फरक पडतो' हा युक्तिवाद आपोआप गळून पडतो. बुद्धाला फरक पडत नाही, हे तर त्यांनीच आधी मान्य केलंय. फरक पडतो तो शेजारी बसलेल्या माणसाला, आणि आपल्याला. तुम्ही बूट घालून मूर्तीशेजारी उभे राहता, तेव्हा दगडाचा अपमान होत नाही. त्या दगडाकडे बघत कुणीतरी आपलं मन गोळा करत बसलेलं असतं, त्याच्यामध्ये तुम्ही येता.

आता पानाच्या सगळ्यांत मोठ्या उणिवेकडे येतो. ते पान फक्त परदेशासाठी होतं. जणू बौद्ध स्थळ म्हणजे विमानानं जायची जागा! वर्ध्याच्या माणसाला असं पान देणं म्हणजे, काय सांगावं, धाम नदीकाठच्या माणसाला नदी म्हणजे काय ते पुस्तकातून समजावण्यासारखं आहे.

आपल्या गोपुरीत विश्वशांती स्तूप आहे. पांढरा घुमट, चार दिशांना चार बुद्धमूर्ती, शेजारी जपानी पद्धतीचं छोटं मंदिर. जवळच गीताई मंदिर, जिथं मूर्ती नाही, गीताईचे अठरा अध्याय कोरलेल्या शिळा आहेत. हा स्तूप निप्पोनझान म्योहोजी या जपानी संघाचा. त्याचे संस्थापक निचिदात्सु फुजी 1933 मध्ये वर्ध्यात गांधीजींना भेटले, आणि पुढे 'फुजी गुरुजी' म्हणूनच ओळखले गेले. हिरोशिमा-नागासाकीनंतर त्यांनी जगभर शांतिस्तूप बांधायचं काम हाती घेतलं. सेवाग्रामच्या सर्वधर्म प्रार्थनेत आजही सुरुवातीला त्यांचा जपानी मंत्र म्हटला जातो. त्या मंत्रातलं वंदन एका ग्रंथाला आहे, सद्धर्मपुंडरीक सूत्राला. किती जणांना हे ठाऊक आहे? प्रार्थनेला तर आपण शाळेपासून बसत आलो.

या स्तूपावरचीच आमची स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्याहून काही प्राध्यापक मित्र आले होते, त्यांना आम्ही स्तूप दाखवायला नेलं. चप्पल काढली, प्रदक्षिणा उजवीकडून घातली, पाठ करून फोटो काढले नाहीत. यात्रा कंपनीच्या पानाप्रमाणे दहापैकी दहा गुण! आणि एका मूर्तीसमोर उभं राहून आम्ही मोठ्या आवाजात समजावू लागलो, की आपल्या परंपरेनं बुद्धाला कसं विष्णूचा नववा अवतार मानून सामावून घेतलं, ही केवढी उदारता, वगैरे. तिथं पांढरी साडी नेसलेल्या एक बाई आणि त्यांचा लहान नातू मेणबत्ती लावून बसले होते. बाई उठून जवळ आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, जरा हळू बोला नं. पोरगा वंदना म्हणून रायला." आम्ही ओशाळलो, "माफ करा" म्हणालो. त्या परत वळल्या, आणि मग थांबून म्हणाल्या, "अन् आमी त्याईले अवतार नाई मानत." एवढंच. नातवाजवळ जाऊन बसल्या.

आम्ही तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केलेली. 14 ऑक्टोबर 1956 आम्हाला तारखेनिशी पाठ होता. त्या दिवशी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असं मानणार नाही, ही प्रतिज्ञा आहे, हेही ठाऊक होतं. वर्गात शिकवलं होतं! तरी त्या दोन वाक्यांपर्यंत आम्हाला सुचलं नाही, की ज्या घरानं ती प्रतिज्ञा घेतली त्या घरातलं कुणीतरी दहा हातांवर बसलेलं आहे, आणि आपण ज्याला उदारता म्हणतोय ते त्यांच्या लेखी त्यांचा निर्णय पुसून टाकणं आहे. ज्यांना देवळाच्या पायरीवर शतकानुशतकं अडवलं गेलं, त्यांनी स्वतः निवडलेल्या जागी जाऊन 'हाही आमचाच' म्हणायचं, आणि वर त्याला आदर म्हणायचं. चपलेपेक्षा हे जड आहे. आणि कुठल्याही देशात यासाठी दंड होत नाही.

कुणी म्हणेल, मग काय मत मांडायचंच नाही? मांडा की. बुद्ध आणि उपनिषदं यांचा संबंध काय, हा खरा प्रश्न आहे. आम्ही त्यावर आयुष्यभर वाद घातलाय आणि पुढेही घालू. वादाला चर्चासत्र आहे, लेख आहे, हे व्यासपीठ आहे, तिथं समोरचा उत्तर देऊ शकतो. वंदनेला बसलेला माणूस उत्तर द्यायला मोकळा नसतो. सहमत होणं म्हणजे आदर नव्हे. दुसऱ्याच्या जागी त्याच्या शब्दांना पहिला मान देणं, एवढीच मागणी आहे.

ही 'आमचाच' म्हणायची सवय जुनी आहे. नाशिकच्या लेण्यांना आपण सर्रास पांडवलेणी म्हणतो. तिथल्या शिलालेखांत डोंगराचं नाव त्रिरश्मी आहे, दान बौद्ध भिक्खुसंघाला दिलेलं आहे. पांडवांचा तिथं संबंध नाही, तरी नाव मात्र पांडवांचं. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात 1819 मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं रंगवलेल्या भिंतीवर आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. त्याला आपण नावं ठेवतो, आणि ठेवावीतच. पण भिंतीवर आपलं नाव कोरणं आणि अख्ख्या लेण्याला आपलं नाव देणं, यांतलं कमी-जास्त काय, याचा विचार करून बघा.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर एकांगी होईल. लेण्याद्रीला बौद्ध लेण्यांतच गिरिजात्मज गणपती आहे, कार्ल्याच्या चैत्यापुढे एकवीरेचं देऊळ आहे. तिथं आज गणपतीचे भक्त येतात, कोळी बांधव कुलदेवतेला येतात. ही जागा मुळात कुणाची, असा इतिहासाचा हिशेब घेऊन त्यांच्या पूजेत शिरणं हाही तसलाच अनादर होईल. इतिहास खरा सांगायचा, पण आत्ता जो हात जोडून उभा आहे त्याला धक्का देऊन नाही. दोन्ही जमायला हवं. अवघड आहे, कबूल.

आणखी एक गोष्ट, थोडी बोचरी. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणाऱ्या लोकांनी वर्धा स्टेशनवरून जाणाऱ्या गाड्या भरतात. पांढऱ्या साड्या, डोक्यावर गाठोडं, कडेवर लेकरू. हेही प्रवासीच, आणि हीसुद्धा तीर्थयात्राच. आरक्षित डब्यातली आपली मंडळी त्या दिवशी काय बोलतात, ते आम्ही ऐकलेलं आहे. तीच मंडळी कॅन्डीच्या दंतमंदिरात रांगेत दोन तास हात जोडून उभी राहतात आणि परत येऊन तिथल्या लोकांच्या भाविकपणाचं कौतुक करतात. परदेशातल्या बौद्धाची श्रद्धा आपल्याला शांत आणि सुंदर दिसते, आणि आपल्या शेजारच्या बौद्धाची श्रद्धा तेवढी गर्दी दिसते. हे असं का होतं, ते ज्यानं त्यानं घरी जाऊन स्वतःला विचारावं. उत्तर आम्ही देत नाही, तुम्हाला ते माहीत आहे.

तर त्या गृहस्थांना आता काय सांगू? ठळक ओळ खोडून तिथं दुसरी लिहीन : आत शिरताना आधी बघा, इथं कोण बसलंय आणि काय करतंय, कळलं नाही तर थांबा आणि विचारा. आणि हेही सांगेन, की अनुराधपूरला तुम्ही जो महाबोधी वृक्ष बघाल, त्याच्या फांद्यांपासून वाढलेलं झाड तुमच्या घरापासून दोन तासांवर दीक्षाभूमीत आहे. भदंत आनंद कौसल्यायन यांनी ते आणलं. हे भदंतजी कितीतरी वर्षं आपल्या वर्ध्यातच होते, राष्ट्रभाषा प्रचार समितीचं काम बघत. श्रीलंकेला जाण्याआधी एकदा ते झाड बघून या.

विचारण्यावरून शेवटी एका प्रवाशाची आठवण काढतो. गोव्यातल्या साखवळ गावचा एक तरुण, इंग्रजीही धड येत नव्हतं, बुद्धाचा धर्म काय आहे ते समजून घ्यायचं म्हणून 1899 मध्ये घर सोडून निघाला. पुणे, काशी, नेपाळ, बुद्धगया, श्रीलंका, ब्रह्मदेश. गेला तिथं आपलं ज्ञान सांगत बसला नाही. भिक्खूंच्या पायाशी बसून पाली शिकला, पुढे हार्वर्डपर्यंत जाऊन पोचला, आणि मराठीत आपल्यासाठी 'भगवान बुद्ध' लिहून ठेवलं. धर्मानंद कोसंबी. 4 जून 1947 रोजी त्यांनी देह ठेवला तो आपल्या सेवाग्रामात. एवढा मोठा प्रवासी आपल्या जिल्ह्यात येऊन थांबला, आणि आपल्याला बौद्ध स्थळी कसं जावं हे शिकायला यात्रा कंपनीचं पान लागतं!

त्या बाई पुन्हा कधी भेटल्या नाहीत. नातू आता मोठा झाला असेल. स्तूपावर आम्ही अजूनही जातो, पाहुण्यांनाही नेतो. समजावायचं ते बाहेर झाडाखाली, चप्पल काढायच्या आधी समजावतो. आत गेल्यावर बोलत नाही.

थांबतो इथं. प्रश्न असतील तर जरूर विचारा.